पिकअपला पुढे जादा दिवे बसवताना: माल भरलेल्या गाडीचा विचार आधी

ओतूर, आळेफाट्याकडून भाजी भरलेली पिकअप संध्याकाळी निघते, माळशेज उतरते आणि उजाडायच्या आत कल्याण नाहीतर वाशीच्या मार्केटला लागते. एप्रिल-मेमध्ये हीच धावपळ देवगड-रत्नागिरीकडच्या आंब्याच्या गाड्यांची. म्हणजे पिकअपला दिव्यांची गरज पडते ती रात्री, हौदा भरलेला असताना. दिवे बसवले जातात मात्र भर दुपारी, दुकानासमोर, रिकाम्या गाडीवर. माल भरला की मागचे पाटे बसतात, नाक वर होतं आणि दुपारी नीट दिसलेला झोत रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे लक्षात ठेवून काम केलं तर बाकीचं फारसं अवघड नाही. पाना-पक्कड हाताळता येत असेल तर एका सुट्टीच्या दिवसात उरकतं. इथे १२ व्होल्टची, बोलेरो पिकअपच्या जातीची गाडी धरून सांगतो.

आधी आहेत त्या हेडलाइट बघा

जादा दिवे हवेत असं वाटण्यामागे बऱ्याचदा मूळ हेडलाइटचीच रड असते. प्लास्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या-धुरकट पडतात. त्या पॉलिश करून घ्या. काचेच्या आत पाणी धरलं असेल, मागचा चकचकीत भाग काळवंडला असेल, तर अख्खी हेडलाइट बदला. मग इंजिन चालू ठेवून, अप्पर (लांबचा झोत) लावून, बल्बच्या होल्डरपाशी मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र) धरा आणि तोच आकडा बॅटरीवर घ्या. दोन्हींत एक व्होल्टचा फरक असेल तर वायर, स्विच किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला दिलेली निगेटिव्ह जोडणी) कुठेतरी व्होल्टेज खातोय. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज पाच टक्के घसरलं तर उजेड साधारण पंधरा टक्के घसरतो. नुसती अर्थची जोडणी घासून घट्ट केली तरी कधी कधी जादा दिव्यांचा विचार मागे पडतो.

एक गोष्ट मात्र करू नका. ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० किंवा त्याहून मोठा घालणं. मूळ होल्डर आणि स्विच तेवढ्या करंटसाठी केलेले नसतात. होल्डर वितळतो, वायर कडक होते, आणि दिवा जातो तो नेमका घाटात.

कोणता दिवा घ्यायचा

दुकानात सगळ्यालाच ‘फॉग’ म्हणतात, पण माल दोन जातींचा असतो. फॉग लॅम्पचा झोत रुंद आणि चपटा, वरून सुरीने कापल्यासारखा. तो जवळचा रस्ता, साइडपट्टी आणि वळणाची आतली कड दाखवतो. ड्रायव्हिंग लॅम्पचा झोत लांब जातो. तो अप्परला जोड म्हणून असतो आणि समोर गाडी दिसली की विझलाच पाहिजे.

धुक्यात ड्रायव्हिंग लॅम्प उलटा त्रास देतो. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश परत तुमच्याकडेच फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसाळ्यात माळशेजला, आंबोलीला किंवा कसाऱ्याला ज्याने अप्पर मारून पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. फॉग लॅम्प खाली बसतो आणि त्याचा झोत डोळ्यांच्या रेषेखालून जातो, म्हणून परत येणारा प्रकाश कमी. पिवळा की पांढरा हा वाद चहाच्या टपरीवर चालू द्या. पिवळा काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो एवढंच. खरा फरक पडतो तो झोताच्या आकाराने आणि दिव्याच्या उंचीने.

माझं मत विचाराल तर पिकअपला पहिली जोडी फॉगचीच घ्या. भरलेली गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती पंचवीसेक मीटर पुढे गेलेली असते आणि थांबायला आणखी तीसेक मीटर घेते. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. एवढं अंतर धड अप्पर दाखवतोच. कमी पडतो तो बाजूचा उजेड. ऊसतोडीच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली साइडपट्टीला उभी असते, माणसं काळोखात कडेकडेने चालतात, जुन्नरच्या पट्ट्यात उसातून बिबट्याही रस्त्यावर येतो. हे सगळं कडेला असतं. समृद्धीसारख्या मोकळ्या रस्त्यावर रोजची रात्रपाळी असेल तर ड्रायव्हिंग लॅम्पचा विचार करा.

एलईडी घ्यावा की हॅलोजन? एलईडी करंट कमी ओढतो, धक्क्यांना टिकतो. पण डब्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. दुकानातच दिवा बॅटरीला लावून अँपिअर मोजा आणि व्होल्टने गुणा. दीड अँपिअर ओढत असेल तर तो वीसेक वॅटचाच, डब्यावर १८० लिहिलेलं असलं तरी. मग भिंतीवर झोत पाडून वरची कड बघा. कड स्पष्ट नसेल, उजेड चौफेर सांडत असेल, तर तो शेतात कामाला लावायचा दिवा आहे. रस्त्यावर तो नको. पाण्यासाठी आयपी ६७ लिहिलेलं बघा. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो असा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याला मात्र हा आकडा लागू नाही, त्यामुळे धुताना नळी दिव्याच्या सांध्यावर धरू देऊ नका.

पासिंगला अडकणार नाही असं बसवा

पिकअप मालवाहू, त्यामुळे ठरावीक वर्षांनी फिटनेसला आरटीओपुढे उभी राहणारच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा किंवा ड्रायव्हरला खाली वळवता आला पाहिजे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. ही कसोटी घरच्या घरी घेता येते. पुढे तीच घेऊ. पुढे दाखवायचा रंग पांढरा किंवा पिवळा. निळा, लाल, लुकलुकणारा काही नको. टपावरची लांब एलईडी पट्टी आणि फिरवता येणारा सर्चलाइट सार्वजनिक रस्त्यावर आणूच नका.

आणि दिवे क्रॅश गार्डवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) लावायचा विचार असेल तर तो सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही. गार्ड काढायला लावला की दिवेही गेले.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला कात्री लावू नका. कनेक्टरच्या मधे बसणारे तयार जोड मिळतात, ते वापरा.

सामान

दिव्यांची जोडी, चार पिनांचा १२ व्होल्ट ३०/४० अँपिअरचा रिले (थोड्या करंटने जड करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याचा होल्डर, झाकणाचा फ्यूज होल्डर, डॅशबोर्डचा स्विच, वायर, वायरच्या टोकाला बसवायचे लग, तापवली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह, वायरवर चढवायचा पन्हाळीदार काळा पाइप, केबल टाय, पत्र्याच्या भोकात बसवायचे रबरी ग्रोमेट. ब्रॅकेट तयार मिळतात, पण पत्रा पातळ असला की दिवा थरथरतो. तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी वाकवून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला ब्रॅकेट जास्त चालतो. नट साधे घेऊ नका, थरथरीने सैल न होणारे नायलॉक घ्या.

वायर आणि फ्यूज दिव्याच्या ओढीवरून ठरतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन मिळून ११० वॅट. १२ ने भागलं की नऊ अँपिअरच्या थोडं वर. त्याला १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर. वीस-वीस वॅटच्या दोन एलईडींना साडेतीन अँपिअर लागतात. तिथे साडेसातचा फ्यूज आणि दीड स्क्वेअरची वायर पुरे. फ्यूज उडतो म्हणून त्याहून मोठा घालणारे पुष्कळ भेटतात. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो मोठा केला की फ्यूजऐवजी वायर जळते.

जागा आणि ब्रॅकेट

दिवे हेडलाइटच्या खाली, बंपरच्या पातळीला, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. फॉग जितके बाहेरच्या बाजूला तितके चांगले. जाळीच्या समोर लावू नका: घाट चढताना भरलेल्या गाडीच्या रेडिएटरला मिळेल तेवढी हवा हवी असते आणि मोठे दोन दिवे ती अडवतात. नंबर प्लेट आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत हेही बघा. फार खाली गेलात तर स्पीडब्रेकर आणि शेताचा बांध दिवा काढून नेतील.

पत्र्याचा बंपर असेल तर त्यालाच भोक पाडता येतं. आधी दोन्हीकडे मोजून खूण करा, मग तीन मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात, नंतर साडेआठच्या ड्रिलने मोठं. त्यात आठचा बोल्ट बसतो. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड फासा, नाहीतर कोकणातल्या दोन पावसाळ्यांत गंज पसरतो. मागून मोठा वॉशर द्या. बंपर प्लास्टिकचा असेल तर दिव्याचा भार त्यावर टाकू नका. आतली लोखंडी पट्टी किंवा चासीचं टोक शोधून ब्रॅकेट तिथून बाहेर काढा. बोल्ट आत्ता हातानेच आवळा, झोताचा शेवटचा रोख अजून ठरायचाय.

वायरिंग

पहिलं काम, बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला ठेवणं.

डॅशबोर्डच्या स्विचमधून दिव्याचा सगळा करंट फिरवायचा नाही, यासाठी रिले. स्विच फक्त रिलेला इशारा करतो; जड करंट बॅटरीपासून रिलेतून थेट दिव्याला जातो. रिलेच्या बुडाशी चार आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. ही जर्मन पद्धत आहे आणि जवळजवळ सगळ्या कंपन्या तीच पाळतात, त्यामुळे आकडे पाठ झाले की कुठलाही रिले जोडता येतो.

३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, मधे फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं काही नसतं, आणि बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. गाडी पेटते ती अशी. ८७ नंबरवरून एक वायर निघून दोन्ही दिव्यांना फुटते. ८५ बॉडीला अर्थ. ८६ ला स्विचकडून आलेली वायर. काही रिलेंच्या आत डायोड असतो, त्यांत ८५-८६ उलटे जोडून चालत नाहीत. म्हणून सवयच अशी ठेवा की ८६ ला नेहमी पॉझिटिव्ह.

आता स्विचला करंट कुठून द्यायचा? फॉग असेल तर पार्किंग लाइटच्या वायरवरून, म्हणजे पार्किंग लावल्याशिवाय फॉग पेटणार नाही आणि गाडी बंद करून पार्किंग मालवली की तोही विझेल. ड्रायव्हिंग लॅम्प असेल तर अप्परच्या वायरवरून, म्हणजे डिपर (खाली वळलेला जवळचा झोत) लावला की आपोआप बंद. थेट बॅटरीवरून स्विचला लाइन देणारे मेकॅनिक भेटतील, ‘सोपं पडतं’ म्हणतील. त्यांना नको सांगा. रात्री समोरून ट्रक आल्यावर एका हाताने दोन स्विच दाबायची वेळ येता कामा नये.

अप्परची वायर शोधताना नुसत्या रंगावर जाऊ नका. बॅटरी तात्पुरती जोडा, मल्टिमीटरची काळी टोकणी बॉडीला आणि लाल वायरला. अप्पर लावल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य आलं तर तीच वायर. काही गाड्यांत उलटं दिसतं, बंद असताना १२ आणि लावल्यावर शून्य. म्हणजे तिथे पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. अशा गाडीत रिलेची जोडणी बदलावी लागते. पहिल्यांदाच करत असाल तर एवढ्यापुरतं ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. नव्या गाड्यांत हेडलाइट कंट्रोल युनिटवरून चालत असतील तरही तेच.

वायर नेताना एक्झॉस्ट, पंखा आणि स्टिअरिंगचे सांधे यांपासून लांब ठेवा. पाइप चढवून दर वीतभर अंतरावर टाय बांधा. केबिनमध्ये शिरताना पत्र्याच्या भोकात ग्रोमेट हवाच, कारण पत्र्याची कड वायरचं कातडं हळूहळू सोलते. दिव्यापाशी पोचायच्या आधी वायरला खाली एक झोका द्या. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत कनेक्टरमध्ये शिरण्याऐवजी झोक्याच्या तळातून गळून पडतं. जोड पिळून टेप गुंडाळायची नाही. लग दाबून बसवा, वर श्रिंक स्लीव्ह तापवा. इंजिनाजवळ टेपचा गोंद सुटून ती लोंबायला वेळ लागत नाही.

अर्थकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि तक्रारी सगळ्यांत जास्त तिथूनच येतात. रंग खरवडून कोरा पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घालून लग आवळा, वरून ग्रीस लावा. रंगवलेल्या ब्रॅकेटवर अर्थ सोडून देऊ नका. दोन्ही दिव्यांची अर्थ वायर चासीपर्यंत न्या. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून दिवे लावा आणि दिव्यापाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठला तरी जोड सैल आहे.

झोताचा रोख: माल भरल्यावर

दिवे पेटले की दुकानदार हात झटकतो. अर्धं काम इथून पुढे आहे.

प्रचलित रीत अशी: सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर आखायची आणि फॉगच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या १० सेंटिमीटर खाली आणायची. दिवा ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर हा झोत साधारण ४५ मीटरवर जमिनीला टेकतो. उत्तम. आता हे सगळं रिकाम्या गाडीवर केलं असं समजा आणि गाडी भरा. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर जास्त बसली असं धरलं, तर झोत मीटरमागे दोन सेंटिमीटर वर उचलला जातो. आपण मीटरमागे जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली वळवला होता. म्हणजे तो जमिनीला टेकणं सोडा, वरच चढत जातो, आणि नव्वदेक मीटरवर सव्वा मीटरच्या आसपास पोचतो. मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे तेवढ्याच उंचीवर असतात. अशा गाडीच्या मालकाला लोक अप्पर मारून शिव्या घालतात आणि त्याला कळत नाही की आपला डिपर असताना हे का.

म्हणून रोख भरलेल्या गाडीवर लावायचा. नेहमीचं वजन हौद्यात, टायरची हवा भरलेल्या गाडीला लागते तेवढी, ड्रायव्हर सीटवर. अडतीत क्रेट भरून झाले की निघायच्या आधीची वीस मिनिटं यासाठी काढा. गोदामाची भिंत आणि समोरचं फरसबंद अंगण याला पुरतं. माल भरल्यावर पुढची बाजूही थोडी बसते, त्यामुळे दिव्याची उंची नव्याने मोजा. घरी करायचं झालं तर वाळूची किंवा खताची पोती चढवा. रिकामी परत येताना झोत थोडा जवळ पडेल. पडू द्या, त्याने कुणाचं नुकसान नाही, आणि परतीला गाडी हलकी असते, थांबतेही लवकर.

हेडलाइटला आतून उंची बदलायची चकती असेल तर ती भरलेल्या खुणेवर ठेवायची, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. बहुतेक गाड्यांत ती शोरूममधून निघाल्यापासून शून्यावरच असते.

ड्रायव्हिंग लॅम्पची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या झोताला कापलेली कड नसते, मधे तेजस्वी डाग असतो. भरलेल्या गाडीवर तो डाग दिव्याच्या मध्यरेषेच्या पाच सेंटिमीटर खाली आणा. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावा दिवा किंचित डाव्या कडेकडे आणि उजवा सरळ ठेवा. उजव्याला उजवीकडे वळवणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर उजेड मारणं.

फॉग लावलेल्या गाडीची शेवटची परीक्षा नियम १०६ ची. अंधार पडल्यावर भरलेल्या गाडीपुढे आठ मीटर चालत जा, उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या, दिव्याच्या अर्धा मीटर बाहेरच्या बाजूला या आणि डोळे दीड मीटर उंचीवर येतील इतके वाका. क्लीनरला फॉग आणि डिपर लावायला सांगा. दिव्याची काच नुसती उजळ दिसली तर ठीक. डोळे मिटावेसे वाटले तर अजून खाली. मग बोल्ट पक्के आवळा आणि ब्रॅकेटवर-दिव्यावर रंगाची एक बारीक आडवी रेघ ओढा. पुढे दिवा हलला तर ती रेघ तुटलेली दिसते, भिंत शोधावी लागत नाही.

लागलाच नाही तर

पहिल्या लांबच्या फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा परत आवळा. जादा फ्यूज आणि एक रिले डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा, दोन्ही स्वस्त असतात.

दिवा लागला नाही तर स्विच दाबून रिलेवर बोट ठेवा. ‘टक’ जाणवत नसेल तर बिघाड स्विचच्या बाजूला: पार्किंगची लाइन, ८६ ची वायर किंवा ८५ चा अर्थ. ‘टक’ होते पण दोन्ही दिवे काळे, तर फ्यूज बघा, मग ३० आणि ८७. एकच दिवा गेला असेल तर त्याचा कनेक्टर आणि अर्थ. मिणमिणता लागत असेल तर नव्वद टक्के वेळा अर्थच. फ्यूज बदलल्या बदल्या परत उडाला तर तिसरा घालू नका. वायर कुठेतरी पत्र्याला टेकलीय. फ्यूज काढून ठेवा, डिपरवर हळू चालवा आणि उजाडल्यावर ग्रोमेटपासून शोधायला लागा.